अठरा मिलिमीटर

अंबडच्या शेडमागे, गटाराला लागून, आमची खोली.
बारा बाय दहा.
सगळी एमआयडीसी तापते
तेव्हाही इथे वीस अंश. बरोब्बर वीस.
माणसांसाठी नाही, लोखंडासाठी.
मे महिन्यात मी स्वेटर घालून बसते
आणि टेम्पोवाले काचेतून बघून हसतात.

काम सांगायचं तर,
लोक ज्याने मोजतात ते मी मोजते.
घरी अजून कुणाला नीटसं कळलेलं नाही.
सासूबाई पाहुण्यांना सांगतात, "तपासणीला असते,"
पाहुणे समजतात रक्त-लघवी.

अकरा वर्षं.
व्हर्निअर, मायक्रोमीटर, प्लग गेज येतात,
पुसते, आकडा लिहिते, स्टिकर लावते, जातात.
पुढच्या वर्षी तेच परत, किंचित झिजून.
मध्यंतरी वाटायला लागलं होतं,
मलाही कुणी असं खोक्यात घालून पाठवावं कुठेतरी
आणि कागदावर लिहून यावं: वापरण्यास योग्य.
नाहीतर सरळ लाल रंग.

अहिरराव सर रिटायर झाले त्या दिवशी
त्यांनी दोन स्लिप गेज एकमेकांवर सरकवून
माझ्या तळहातावर ठेवले.
गोंद नाही, चुंबक नाही,
नुसते इतके सपाट की सुटायला तयार नव्हते.
"एवढंच शिकवता आलं," म्हणाले, आणि डबा उचलून गेले.
मी त्याच रात्री मोबाइलवर दुसरी नोकरी बघत होते.
कुठलीही. खुर्ची आणि पंखा असलेली.

मग फेब्रुवारीत मोहाडीकडच्या पॅकहाउसमधून खोका आला.
परदेशी गिऱ्हाइकाने कागद मागितला होता.
आत बारा कड्या, स्टीलच्या,
द्राक्षाचा मणी घालून बघायच्या.
अडकला तर एक्स्पोर्ट, पडला तर बारीक.

ही कडी मला माहीत होती.
आईच्या पदराच्या टोकाला असायची, सात सीझन,
तिकडच्याच कुठल्याशा पत्र्याच्या शेडमध्ये.
तीच शेड की दुसरी, आता नाव बदललंय.
क्रेटमागे पैसे. मणी पडले की क्रेट परत,
आणि मुकादम धात्रक म्हणायचा, "शालनबाई, डोळे तपासा."
तिने खरंच तपासले. सिव्हिलला, खाडा करून.
डोळे चांगले होते.

आठ कड्या ठीक. नववी लावली.
अठरा पॉइंट चार.
पुसली. तासभर तशीच ठेवली, निवू दिली.
अठरा पॉइंट चार.
दहावी तशीच. अकरावी, बारावी.
झिजल्या की मुळातच तशा, पोलाद सांगत नाही.
पॉइंट चार म्हणजे किती, तर
आपल्या नखाची जाडी.
तेवढ्या फटीतून किती क्रेट पडले असतील
ते मोजायचं मशीन आमच्याकडे नाही.

पॅकहाउसचा पोरगा फोनवर म्हणाला,
"मॅडम, अठराच लिहा ना. द्राक्षच आहे, रॉकेट थोडंच?"
गोड बोलत होता. त्याच्याही डोक्यावर कुणी असणार.
मी होतं ते लिहिलं.
चार कड्यांना लाल रंग लावला, दोन हात.
नव्या आणल्या त्यांनी, की टर्पेंटाइनने पुसून
त्याच चालवल्या, ते माहीत नाही.

सुटल्यावर गेटपाशी उभी राहून आईला फोन लावला.
सगळं ऐकून ती जरा वेळ गप्प.
मग म्हणाली, "धात्रक वारला गं मागच्या दिवाळीत."
आणि थोड्या वेळाने,
"पण कडी मोजतात कशी तुमच्याकडे?"

मी सांगत बसले. वीस अंश कशाला,
हाताची ऊब कशी चालत नाही,
तीन-तीनदा का बघायचं.
ती मध्येच विचारायची, "आणि मग?"
कंपनीची बस माझ्यासमोरून गेली.

त्रिमूर्ती चौकापर्यंत चालत आले, बोलत.
पर्समध्ये किल्ली शोधताना लक्षात आलं,
पांढरे हातमोजे काढायचेच राहिले होते.